ग्वाटेमालात राष्ट्राध्यक्ष बदलला, याद्या करणारे तेच राहिले

ऑक्टोबर 2020 मध्ये ग्वाटेमालाच्या आंतिग्वा शहरातल्या एका घरावर छापा पडला आणि आत नोटांनी ठासून भरलेल्या सुटकेसा निघाल्या. मोजणी संपली तेव्हा आकडा झाला 12 कोटी 20 लाख केत्साल, म्हणजे दीड कोटी डॉलरच्या वर. संशयाचा रोख गेला तो आधीच्या सरकारात दळणवळण आणि बांधकाम खाते सांभाळलेल्या होसे लुइस बेनितो यांच्याकडे. छापा घालणाऱ्या विशेष अभियोग विभागाचे प्रमुख होते हुआन फ्रान्सिस्को सांदोव्हाल. नऊ महिन्यांनी, जुलै 2021 मध्ये, महाअभियोक्ता, म्हणजे देशातल्या सरकारी वकिलांच्या प्रमुख, कोन्सुएलो पोरास यांनी सांदोव्हाल यांनाच पदावरून काढले. त्याच रात्री ते सीमा ओलांडून एल साल्वादोरमध्ये गेले आणि पुढे अमेरिकेत. देश सोडून गेलेल्यांमध्ये आणखी एकाची भर पडली. फक्त यांच्यामागे कर्ज देणारा सावकार नव्हता, पुढे अटक वॉरंट लागले.

मध्य अमेरिकेत नवा राष्ट्राध्यक्ष आला की बाहेरचे लोक त्याला दोनच प्रश्न विचारतात. भ्रष्टाचार आवरणार का? आणि उत्तरेकडे जाणारा लोंढा थांबवणार का? जणू दोन वेगळ्या फायली आहेत. ग्वाटेमालात त्या वेगळ्या नाहीत. तिथे दुसऱ्या प्रश्नाच्या बदल्यात पहिल्याचा सौदा झालेला आहे. म्हणून राष्ट्राध्यक्ष बर्नार्दो आरेव्हालो यांच्या सरकारला जोखायचे तर किती बडे मासे गळाला लागले किंवा किती विमाने भरून माणसे परत घेतली हे मोजण्यात अर्थ नाही. न्यायाधीश आणि अभियोक्ते ज्या याद्यांमधून निवडले जातात, त्या याद्यांवर या माणसाने काय केले, एवढे पाहावे.

आरेव्हालो सत्तेवर येतील असे व्यवस्थेलाही वाटले नव्हते. 2023 च्या निवडणुकीत जे धोकादायक वाटले त्यांचे अर्ज कायद्याची कलमे पुढे करून आधीच बाद करण्यात आले. आरेव्हालो जनमत चाचण्यांत इतके खाली होते की त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही. 25 जूनच्या पहिल्या फेरीत 17 टक्क्यांहून अधिक मतदारांनी मत मुद्दाम बाद केले, म्हणजे पहिल्या आलेल्या सांद्रा तोर्रेस यांच्यापेक्षाही जास्त. आरेव्हालो 12 टक्क्यांच्या आत राहून दुसरे आले आणि 20 ऑगस्टच्या दुसऱ्या फेरीत सुमारे 58 टक्के मते घेऊन जिंकले. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळातच त्यांच्या ‘सेमिया’ पक्षाची मान्यता स्थगित करण्याचा आदेश निघाला होता. कारण दिले गेले ते पक्षनोंदणीच्या वेळच्या खोट्या सह्यांचे. मग मतपेट्या जप्त झाल्या, निवडणूक न्यायाधिकरणाच्या सदस्यांवर खटले आले. 2 ऑक्टोबरपासून तोतोनिकापानच्या ‘48 कांतोनेस’ या मूलनिवासी पंचायतीच्या पुढाकाराने रस्ते अडवले गेले आणि अभियोक्त्यांच्या मुख्यालयासमोर शंभरहून अधिक दिवस ठिय्या बसला. शपथविधी 14 जानेवारी 2024 रोजी व्हायचा होता. संसदेने दिवसभर घोळ घातला आणि शपथ झाली ती मध्यरात्र उलटल्यावर.

इतके करून हाती काय आले? 160 जणांच्या संसदेत 23 आमदार. त्यांचा माणूस संसदेचा अध्यक्ष निवडून आला आणि काही दिवसांतच घटनात्मक न्यायालयाच्या निर्णयाने ते पदही गेले. मंत्रिमंडळ, पोलीस, लष्कर, करखाते राष्ट्राध्यक्षाकडे. खटला भरायचा की नाही, कोणावर भरायचा, तो कोणत्या न्यायाधीशापुढे जायचा, हे त्याच्याकडे नाही.

हे असे का, ते कळायला 2015 पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ‘ला लिनेआ’ प्रकरण उघड झाले. व्यवस्था अशी होती: आयातदाराने कंटेनर बंदरात आल्यावर एका ठरलेल्या फोनवर बोलायचे. मग कराच्या 40 टक्के सरकारजमा, 30 टक्के टोळीला, 30 टक्के आयातदाराची बचत. कागदावर कर भरलेलाच असे, फक्त मालाचे मूल्य कमी दाखवलेले. म्हणजे चोरी करखात्याच्या संगणकात नोंदवून होत होती. उपराष्ट्राध्यक्ष रोक्साना बाल्देत्ती यांनी मे महिन्यात आणि राष्ट्राध्यक्ष ओत्तो पेरेस मोलिना यांनी सप्टेंबरमध्ये राजीनामा दिला. डिसेंबर 2022 मध्ये दोघांनाही 16 वर्षांची शिक्षा झाली. हे शक्य झाले ते ‘सिसिग’मुळे. संयुक्त राष्ट्रांबरोबरच्या करारातून 2007 मध्ये सुरू झालेला हा आंतरराष्ट्रीय आयोग. स्वतः खटला चालवण्याचा पूर्ण अधिकार त्याला नव्हता. तो देशातल्याच अभियोक्त्यांच्या एका विभागाला हाताशी धरून तपास शिकवत, दूरध्वनी-संभाषणे आणि बँकखात्यांचे विश्लेषण करत काम करी. त्याची ताकद इथे होती आणि कमजोरीही इथेच होती: मुदत सरकारने वाढवायची, आणि जोडीदार अभियोक्ता सरकारच्या निवडीतून यायचा.

पेरेस मोलिना गेल्यावर लोकांनी विनोदी नट जिमी मोरालेस यांना निवडून दिले. ‘ना भ्रष्ट, ना चोर’ अशी त्यांची घोषणा. पुढे आयोग त्यांच्या भावाच्या आणि मुलाच्या प्रकरणात शिरला, त्यांच्या पक्षाच्या निवडणूक खर्चातही शिरला. 31 ऑगस्ट 2018 रोजी लष्करी अधिकाऱ्यांना मागे उभे करून मोरालेस यांनी जाहीर केले की सिसिगची मुदत वाढणार नाही. आयोगाला सर्वाधिक पैसा देणाऱ्यांत अमेरिका होती. तिने त्या दिवसांत दाखवलेला थंडपणा पाहण्यासारखा होता. पुढच्या वर्षी त्याचे कारणही समोर आले. जुलै 2019 मध्ये ग्वाटेमालाने ‘सुरक्षित तिसरा देश’ करारावर सही केली: होंडुरास आणि एल साल्वादोरमधून अमेरिकेत आश्रय मागायला गेलेल्यांना ग्वाटेमालात पाठवायचे आणि त्यांनी आश्रय तिथेच मागायचा. सही झाली नाही तर आयातशुल्क लावू, लोक घरी पाठवतात त्या पैशांवर कर लावू, अशी धमकी ट्रम्प यांनी दिली होती. नोव्हेंबर 2019 ते मार्च 2020 या काळात नऊशेहून अधिक माणसे या कराराखाली ग्वाटेमालात उतरवली गेली आणि बहुतेक जण आश्रय न मागताच निघून गेले. ज्या देशातून माणसे पळत होती त्याच देशाला आश्रयस्थान ठरवले होते, दुसरे काय होणार! सप्टेंबर 2019 मध्ये सिसिग बंद झाला. मोरालेस आणि वॉशिंग्टन यांच्यात या दोन गोष्टींची अदलाबदल लेखी ठरली असे कोणी दाखवू शकत नाही. दाखवायची गरजही नाही. सीमेवर मदत करणाऱ्या राष्ट्राध्यक्षाला न्यायालयांच्या बाबतीत कोणी टोकत नाही, हे त्या प्रदेशातल्या प्रत्येक सत्ताधाऱ्याला तेव्हा कळले.

आता याद्यांकडे. हा भाग कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच तिथे सगळे घडते. ग्वाटेमालाच्या घटनेने न्याययंत्रणा राजकारणापासून दूर ठेवायची म्हणून ‘निवड आयोग’ नेमायची पद्धत आणली. महाअभियोक्त्यासाठी आयोगात कोण? सर्वोच्च न्यायालयाचे अध्यक्ष, देशातल्या सर्व विद्यापीठांच्या विधी शाखांचे अधिष्ठाते, वकील संघटनेचे अध्यक्ष आणि तिच्या शिस्त न्यायाधिकरणाचे अध्यक्ष. यांनी दोन तृतीयांश मतांनी सहा नावे काढायची. राष्ट्राध्यक्षाने त्यातून एक उचलायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या 13 जागांसाठी अशाच पद्धतीने 26 नावे, आणि निवड संसदेची. कागदावर किती सुंदर! विद्वान अधिष्ठाते राजकारण्यांना चाळणी लावणार. झाले उलटे. अधिष्ठात्याला मत आहे म्हटल्यावर अधिष्ठातेपद मोलाचे झाले. मग ज्यांच्याकडे विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके अशा विधी शाखाही निघाल्या, कारण शाखा असली की आयोगात खुर्ची मिळते. वकील संघटनेच्या निवडणुकीत मेजवान्या, भेटी आणि पॅनेले आली. सार्वजनिक सान कार्लोस विद्यापीठाच्या 2022 च्या रेक्टर निवडणुकीवरून विद्यार्थ्यांनी महिनोन्महिने आवार ताब्यात ठेवले, ते विद्यापीठाच्या प्रेमापोटी आहे तितकेच या मतांपोटी. त्या विद्यापीठाचे मंडळ घटनात्मक न्यायालयावरही एक न्यायाधीश नेमते. बाकीचे चार नेमतात संसद, सर्वोच्च न्यायालय, वकील संघटना आणि मंत्रिमंडळासह राष्ट्राध्यक्ष. पाचांपैकी एक नाव राष्ट्राध्यक्षाचे.

पोरास यांची दुसरी नेमणूक या यंत्राचा नमुना आहे. अमेरिकेने सप्टेंबर 2021 मध्येच त्यांना भ्रष्ट आणि लोकशाहीविरोधी व्यक्तींच्या यादीत टाकले होते. 2022 मध्ये आयोगात त्यांना पुरेशी मते पडेनात. मग घटनात्मक न्यायालयाचा आदेश आला, फेरमतदान झाले, त्यांचे नाव सहांत आले आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आलेहान्द्रो जामातेई यांनी तेच उचलले. मुदत मे 2026 पर्यंत.

मग आरेव्हालो यांनी त्यांना काढले का नाही? घटना म्हणते, योग्य कारण सिद्ध झाले तर राष्ट्राध्यक्ष महाअभियोक्त्याला काढू शकतो. पण 2016 च्या कायद्याने ‘योग्य कारण’ म्हणजे पदावर असताना हेतुपुरस्सर केलेल्या गुन्ह्याबद्दलची अंतिम शिक्षा, असे बांधून टाकले. गंमत अशी की ही तटबंदी सिसिगच्या भरभराटीच्या दिवसांत, प्रामाणिक अभियोक्त्याला राजकारण्यांनी हटवू नये म्हणून उभारली होती. आता अभियोक्त्यावर खटला भरायचा तर तो भरणार अभियोक्त्याचेच खाते. आरेव्हालो यांनी मे 2024 मध्ये हे कलम बदलण्याचे विधेयक संसदेत नेले आणि ते तिथे अडकले. हुकूम काढून त्यांना बाहेर काढा, लोक पाठीशी आहेत, असे त्यांच्या समर्थकांतले अनेक जण म्हणत. माझ्या मते तसे न करणे बरोबर होते. तो हुकूम घटनात्मक न्यायालयाने दुपारपर्यंत रद्द केला असता आणि राष्ट्राध्यक्षावर घटनाभंगाचा खटला भरायला तेच हवे होते. चूक वेगळी आहे. विधेयक मे महिन्यात गेले. ते जायला हवे होते जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा तोतोनिकापानचे लोक नुकते घरी परतत होते आणि आमदारांना त्यांची भीती होती. शिवाय डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने शंभरहून अधिक आमदारांसह सुमारे 300 जणांचे व्हिसा रद्द केले होते. ती जखम ताजी होती. 81 मते जमवायची तर तेव्हाच जमली असती. चार महिन्यांत आमदार सावरले, आणि रस्त्यावरचे लोक थकले. त्या लोकांकडून पुढे किंमत वसूल झाली: ठिय्याचे एक प्रमुख नेते लुइस पाचेको सरकारात उपमंत्री झाले होते, एप्रिल 2025 मध्ये त्यांना त्याच आंदोलनासाठी दहशतवादाच्या आरोपाखाली अटक झाली.

जे राष्ट्राध्यक्षाच्या हातात आहे तिथे काय, हा खरा कस. दळणवळण खाते घ्या. तिथली लाच रस्त्याचे कंत्राट मिळवण्यापुरती नसते. बिल निघण्यासाठीही असते. सरकार कामे देते, पैसे थकवते, वर्षानुवर्षांची थकबाकी साचते. मग कोणाचे बिल आधी काढायचे हे मंत्री ठरवतो आणि त्या क्रमाची टक्केवारी ठरते. 2017 मध्ये सिसिगने माजी मंत्री आलेहान्द्रो सिनिबाल्दी यांच्यावर ठेवलेल्या आरोपांचे सूत्र हेच होते. आरेव्हालो यांनी मे 2024 मध्ये आपल्या पहिल्या दळणवळण मंत्री जास्मिन दे ला वेगा यांना काढले, तेही बिले ठरवलेले निकष सोडून चुकती झाली या कारणाने. स्वतःच्या माणसाला चार महिन्यांत काढणे हे धाडसच. पण उपाय माणूस बदलण्यात नाही. थकलेल्या प्रत्येक बिलाची तारीखवार यादी खात्याच्या संकेतस्थळावर टाकायची, तारखेप्रमाणेच पैसे द्यायचे, आणि क्रम मोडला तर कारण त्याच ओळीत लिहायचे. यासाठी संसदेची परवानगी लागत नाही.

खरेदीचेही तसेच. ‘ग्वातेकोम्प्रास’ या सरकारी पोर्टलवर 25 हजार केत्सालपर्यंतची खरेदी जवळजवळ विनास्पर्धा होते, 90 हजारांपर्यंत थेट, 9 लाखांपर्यंत कोटेशनने, आणि त्यावर निविदा. त्यामुळे एकच काम तुकड्यांत फोडले जाते. 24,900 ची बिले एका पुरवठादाराच्या नावे ओळीने दिसली की ओळखावे. हे शोधायला अभियोक्ता लागत नाही, पोर्टलची माहिती उतरवून घेणारा एक कारकून पुरतो. जास्त कठीण आहे ती जिल्हा विकास परिषदांची वाट. हा पैसा 22 जिल्ह्यांतून 340 नगरपालिकांकडे जातो. आमदार अर्थसंकल्पात ‘आपल्या’ जिल्ह्याची तरतूद वाढवून घेतो, महापौर काम काढतो, कंत्राटदार दोघांच्या ओळखीचा असतो. आरेव्हालो यांचा अर्थसंकल्प मंजूर व्हायला याच आमदारांची मते लागतात, म्हणून या परिषदांचा वाटा त्यांच्याही काळात फुगला. अल्पमतातल्या सरकारने कारभार चालवण्यासाठी दिलेली ही किंमत आहे, हे मान्य. पण मग भ्रष्टाचारविरोधी सरकार म्हणवून घेताना तिचा उल्लेख गाळू नये.

रस्ता वाईट झाला तर काय बिघडते? चिमालतेनांगोचा वळणमार्ग पाहा. 2019 मध्ये मोरालेस यांनी त्याचे उद्घाटन केले. डोंगर जवळजवळ उभा कापलेला, उतार नीट न बांधलेला. पावसाळा आला की दरड रस्त्यावर. पश्चिमेकडच्या डोंगराळ जिल्ह्यांतून राजधानीकडे भाजी याच बाजूने येते. किचे, सान मार्कोस, वेवेतेनांगो इथला शेतकरी खतही महाग घेतो आणि मालही उशिरा पोचवतो. हेच जिल्हे सर्वाधिक माणसे उत्तरेला पाठवतात.

ती माणसे का जातात याचे एकच कारण सांगणारा माणूस बहुधा कुठल्यातरी प्रकल्पाचा प्रस्ताव विकत असतो. 2012 नंतर कॉफीवर तांबेरा पडला; मग कॉफीचे भाव घसरले; नोव्हेंबर 2020 मध्ये एता आणि इओता ही दोन चक्रीवादळे दोन आठवड्यांत आली आणि आल्ता वेरापासमधले केहा हे गाव दरडीखाली गाडले गेले. त्याच जिल्ह्यातले केक्ची या मूलनिवासी समाजाचे शेतकरी वेलची पिकवतात; आखाती देशांत कॉफीत पडणारी वेलची मोठ्या प्रमाणात तिथली असते आणि तिचा भाव केरळच्या पिकावरही हलतो. त्यांच्या स्वतःच्या घरात वेलची खातच नाहीत. पाच वर्षांखालच्या जवळजवळ निम्म्या मुलांची वाढ खुंटलेली आहे, लॅटिन अमेरिकेत सर्वाधिक. सरकार कर गोळा करते तो राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे 12 टक्के. 1996 च्या शांतता करारात जे लक्ष्य ठेवले होते, ते ठरलेल्या मुदतीत गाठले गेलेच नाही.

या अर्थव्यवस्थेला तोलून धरते ती परदेशातून येणारी रक्कम. 2023 मध्ये जवळजवळ 20 अब्ज डॉलर, राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक पंचमांशाच्या आसपास. ही रक्कम सरकारच्या तिजोरीतून जात नाही, थेट कुटुंबाकडे येते, म्हणून ती प्रामाणिक आहे. पण तिच्यामुळे वरच्या वर्गाला एक सोय झाली आहे: दवाखाना, शाळा, घर हे सगळे ह्यूस्टनमध्ये छप्पर बांधणारा मुलगा भागवतो, मग कर वाढवण्याचा हट्ट धरायला कोणी उरत नाही. ज्यांनी आवाज उठवायचा ती विशी-तिशीची माणसेच देशाबाहेर.

आता कर्जाचा हिशोब, कारण बाहेरच्या चर्चेत तो येतच नाही. कोयोटे म्हणजे माणसे सीमेपार नेणारा दलाल दहा ते पंधरा हजार डॉलर मागतो. काही रक्कम निघताना, उरलेली पोचल्यावर. बऱ्याच सौद्यांत तीन प्रयत्न मिळतात, पकडले गेलात तर पुन्हा नेतो. लहान मूल बरोबर असेल तर दर उतरे, कारण असे लोक स्वतःहून सीमेवरच्या पहाऱ्याच्या स्वाधीन होत आणि दलालाचे काम तिथेच संपे. पैसा येतो जमिनीचा किंवा घराचा कागद सावकाराकडे ठेवून. समजा एक लाख केत्साल महिना पाच टक्क्यांनी घेतले. नुसते व्याज झाले पाच हजार. शेतमजुराचे कायदेशीर किमान वेतन महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास आहे आणि अनेक मळ्यांत तेही मिळत नाही. म्हणजे ज्याला तीन आठवड्यांत परत पाठवले, त्याच्यापुढे देशात राहून कर्ज फेडण्याचा मार्गच नाही. तो पुन्हा निघणार. परत पाठवल्याने स्थलांतर थांबते असे मानणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावे.

फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ आले तेव्हा आरेव्हालो यांनी परतीची विमाने 40 टक्क्यांनी वाढवायला आणि इतर देशांच्या नागरिकांनाही उतरवून घ्यायला होकार दिला. कोस्टा रिका आणि पनामा यांनी त्याच महिन्यात भारतीयांसह परक्या देशांचे लोक उतरवून घेतले. मध्य अमेरिका ही आता सगळ्या जगाची वाट आहे. डिसेंबर 2023 मध्ये निकाराग्वाकडे निघालेले 303 प्रवाशांचे, बहुतेक भारतीयांचे, विमान फ्रान्समध्ये अडवले गेले आणि त्यातले 276 जण मुंबईत उतरले, हे आपल्याकडे लोक विसरलेही. आरेव्हालो यांच्या होकारावर टीका झाली. मला तो व्यवहार समजतो: पोरास यांच्या मित्रांनी वॉशिंग्टनमध्ये नव्या प्रशासनाशी जवळीक वाढवायला सुरुवात केली होती, आणि दरवाजा बंद ठेवणे राष्ट्राध्यक्षाला परवडणारे नव्हते. पण मोरालेस यांनीही हेच केले होते. फरक पडतो तो बदल्यात काय मागितले यावर. मोरालेस यांनी स्वतःवरची कारवाई थांबावी म्हणून दिले. आरेव्हालो यांनी न्यायाधीश-निवडीच्या वर्षात व्हिसाबंदीची टांगती तलवार कायम राहावी, एवढे तरी मागायला हवे होते. 2026 मध्ये निवडणूक न्यायाधिकरण, घटनात्मक न्यायालय आणि महाअभियोक्ता या तिन्ही नेमणुका काही आठवड्यांच्या अंतराने ठरलेल्या होत्या. अमेरिकेच्या तिजोरीतून त्यासाठी एक डॉलरही जाणार नव्हता.

आणि विमानतळावर उतरणाऱ्या माणसाला आज जेवण, फोन, कागदपत्रे आणि गावी जायला बस मिळते, तिथे एक टेबल आणखी मांडावे: कर्जाचे. जमीन गहाण असल्याची नोंद घ्यायची, ग्रामीण शाखा असलेल्या बँकेकडून ते कर्ज दीर्घ मुदतीच्या, कायदेशीर व्याजाच्या कर्जात बदलायचे, आणि सावकाराला मुद्दल तेवढे देऊन कागद सोडवून घ्यायचा. दलाल याचाही फायदा उठवतील, सरकार तारण आहे म्हणून दर वाढवतील, हा आक्षेप खरा आहे. म्हणून कमाल मर्यादा ठेवावी, सवलत एकदाच द्यावी, आणि ठराविक तारखेआधीच्या गहाणखतांपुरतीच ठेवावी. टेबलावरचा माणूस माम, किचे किंवा केक्ची यांपैकी एखादी मूलनिवासी भाषा बोलणारा हवा. नुसत्या स्पॅनिशमध्ये व्याजाचा दर विचारला तर अनेकांकडून उत्तर येणार नाही.